समुद्रमार्गे साखर पाठवायला बंदी होती तेव्हा कोपरगावात कारखाना काढला, आज तिथूनच माल जगभर जातो

मुंबईत सेंट्रल लाइनने प्रवास करणाऱ्याला विद्याविहार स्टेशन माहिती असतंच. पूर्वेला उतरलं की समोर सोमय्याचा भलामोठा कॅम्पस. इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, आर्ट्स, सायन्स, सगळं एकाच आवारात. तिथं शिकलेली हजारो पोरं आज जगभर नोकऱ्या करतात.

पण हे सोमय्या नेमके कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं, कुणीतरी मुंबईचे मोठे शेठ असतील.

तर विषय असा आहे की, या नावाची मुळं मुंबईत नाहीत. ती आहेत अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. त्यातही कोपरगाव तालुक्यातल्या वारी गावाशेजारच्या साकरवाडीत. दौंड-मनमाड रेल्वेने जाताना कोपरगावच्या जवळ कान्हेगाव नावाचं छोटंसं स्टेशन लागतं, तिथून ही साकरवाडी जवळ आहे.

इथं एका माणसाने साखर कारखाना काढला. तेव्हा भारतातून साखर परदेशी पाठवायची दारं बंद होती. पुढे कारखान्याची जमीन गेली. मग इथलं साखरेचं गाळपही थांबलं. आणि तरी आज याच साकरवाडीतून माल जपानपासून युरोपपर्यंत जातो.

साखरेचा नाही, तर साखर काढून झाल्यावर जे उरतं त्याचा.

त्या माणसाचं नाव करमशी जेठाभाई सोमय्या. छोटा आणि मध्यम धंदा देशाच्या निर्यातीत कसा हातभार लावतो, त्याला काय आडवं येतं आणि तो तगतो कशावर, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांची गोष्ट माहिती पाहिजे.

जन्म नगर जिल्ह्यातला

करमशीभाईंचं घराणं मूळचं कच्छमधलं. पण त्यांचा जन्म १६ मे १९०२ चा, नगर जिल्ह्यातल्या मालुंजा गावातला. आज हे गाव श्रीरामपूर तालुक्यात येतं.

त्या काळात कच्छी, गुजराती आणि मारवाडी व्यापारी नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत येऊन राहिले होते. किराणा, धान्य, कापूस, गूळ असा त्यांचा व्यापार चालायचा. गावात दुकान आणि बाजारपेठेशी संबंध, असं त्यांचं जगणं होतं. कोणत्या गावात काय पिकतं आणि ते कुठं विकलं जातं, ही माहिती हेच या लोकांचं खरं भांडवल असायचं.

करमशीभाई शिक्षणासाठी मुंबईला गेले आणि नंतर व्यापारात उतरले. त्यांनी धंदा निवडला साखरेचा. त्याला कारणही तसंच होतं.

नगर जिल्हा तसा दुष्काळी. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने इथं कालवे काढले. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी अडवून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले, वर दारणा धरण झालं. हे पाणी कोपरगावच्या शिवारात आलं. दुसरीकडे भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरा कालव्यांचं पाणी श्रीरामपूर, राहुरी भागात फिरलं.

पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागे कारखाने आले. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना सुरू झाला, त्याची सूत्रं ब्रिटिश मॅनेजिंग एजंटांकडे होती. ज्या भागात आधी ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर पेरली जायची, तिथं आता साखरेची पोती भरून मालगाड्या निघायला लागल्या.

आता कारखाना साखर बनवतो, पण ती विकणार कोण? इथं व्यापारी लागतो. देशभरातल्या बाजारपेठा माहिती असणारा, भाव ओळखणारा, उधारीची जोखीम घेणारा. करमशीभाईंनी हेच काम केलं आणि ते इतकं वाढवलं की साखरेच्या धंद्यात लोक त्यांना साखरसम्राट म्हणायला लागले.

इथं आपल्या विषयाचा पहिला मुद्दा येतो. छोटा उत्पादक आणि लांबचा बाजार यांच्यामध्ये कायम एक माणूस लागतो. माल कितीही चांगला असला तरी तो कुणाला हवा आहे, हे कळल्याशिवाय त्याची किंमत होत नाही. आजही भारतातले असंख्य छोटे कारखानदार स्वतःच्या नावाने एकही कंटेनर परदेशी पाठवत नाहीत. त्यांचा माल मर्चंट एक्सपोर्टर म्हणजे निर्यातदार व्यापाऱ्याकडून जातो, किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या मालातला सुटा भाग बनून जातो. कागदावर निर्यात दुसऱ्याच्या नावे दिसते, पण घाम छोट्याचा असतो.

१९३२ चा कायदा आणि कारखान्यांची लाट

तोपर्यंत भारत साखर आयात करणारा देश होता. मोठा वाटा जावा बेटावरून यायचा, जे तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. जावाची साखर स्वस्त होती आणि तिच्यापुढे इथले कारखाने टिकत नव्हते.

१९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर आयात शुल्क बसलं आणि चित्रच पालटलं. कायद्याच्या आधी देशात जेमतेम ३० च्या आसपास आधुनिक साखर कारखाने होते. पाच-सहा वर्षांत हा आकडा १३० च्या पुढे गेला.

महाराष्ट्रातही हेच झालं. सासवडच्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरला कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी रावळगावला काढला. डहाणूकरांनी श्रीरामपूरजवळ टिळकनगरला काढला. नगर जिल्ह्याचा उत्तर भाग साखरेचा पट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला.

साखर विकणाऱ्या करमशीभाईंनी आता साखर बनवायचं ठरवलं. १९३९ साली गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी उभी राहिली. कोपरगावच्या भागात साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी अशा दोन ठिकाणी कारखाने झाले. गुजरातीत साखरेला साकर म्हणतात आणि करमशीभाईंच्या पत्नीचं नावही साकरबाई होतं.

व्यापाऱ्याने कारखानदार होणं ही साधी उडी नव्हती. व्यापारात पैसा फिरता राहतो. आज घेतलेला माल उद्या विकला की सुटका. कारखान्यात मात्र पैसा यंत्रांत अडकतो, उसाच्या लागवडीत अडकतो आणि गाळपाचे चार-पाच महिने सोडले तर वर्षभर खर्च चालूच राहतो.

त्यात वेळ अशी की, साखरेचा बाजार तेव्हा नुकताच कोसळून सावरत होता.

साखर भरपूर, पण बाहेर जायची दारं बंद

संरक्षण मिळाल्यावर कारखाने इतके वाढले की १९३६-३७ च्या सुमारास देशात गरजेपेक्षा जास्त साखर झाली. भाव पडले. सरळ हिशोब असा होता की जास्तीची साखर परदेशात विकायची.

पण १९३७ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय साखर करार झाला. जगात साखर जास्त झालीये, तेव्हा कोणत्या देशाने किती निर्यात करायची हे ठरवून घेऊ, असा त्याचा उद्देश. भारताच्या वतीने सही केली ब्रिटिश सरकारने. आणि मान्य काय केलं, तर ब्रह्मदेश सोडून भारत समुद्रमार्गे कुठेही साखर निर्यात करणार नाही. पाच वर्षांसाठी.

दिल्लीच्या कायदेमंडळात याला विरोध झाला, मतदानात करार नाकारला गेला. तरीही सरकारने तो लागू केला.

म्हणजे कोपरगावात करमशीभाईंच्या कारखान्याची धुरांडी उभी राहत होती तेव्हा परिस्थिती ही होती. आत भरपूर माल आणि बाहेरचा दरवाजा बंद. दरवाजाची किल्ली ना कारखानदाराकडे होती, ना ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे.

मध्यम आकाराच्या धंद्याचं हे कायमचं दुखणं आहे. त्याचा माल जगाच्या दर्जाचा असू शकतो, पण तो विकायचा की नाही हे कुणीतरी लांब बसून ठरवतं. मोठी कंपनी एक देश बंद झाला तर दुसऱ्या देशात कारखाना टाकते. कोपरगावच्या कारखान्याला मात्र गोदाकाठ सोडून कुठं जाता येत नाही.

पुढे दुसरं महायुद्ध पेटलं. १९४२ पासून साखरेवर सरकारी नियंत्रण आलं, भाव आणि वाटप सरकार ठरवू लागलं. साखरेच्या एकट्या जीवावर धंदा करणं म्हणजे सरकारच्या मर्जीवर जगणं झालं.

मळीतून मिळालेली वाट

आता थोडं गणित समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर मिळते. २८० ते ३०० किलो चोथा म्हणजे बगॅस निघतो. आणि ४० ते ४५ किलो मळी निघते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट, उग्र वासाचा पाक. एक टन मळीपासून सुमारे २५० लिटर अल्कोहोल तयार होऊ शकतं.

त्या काळात बऱ्याच कारखान्यांना मळी म्हणजे डोकेदुखी वाटायची. साठवायला टाक्या लागायच्या, सांडली तर दुर्गंधी, विकायला गेलं तर भाव नाही.

साकरवाडीला कारखान्यापाठोपाठ १९४१ च्या सुमारास डिस्टिलरी झाली. मळीचं अल्कोहोल व्हायला लागलं.

पण यातही एक मेख होती. अल्कोहोल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दारू येते. आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तर दारूबंदीच केली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्याकडे वेगळ्या रूपात चालू आहे. म्हणजे डिस्टिलरी आहे, अल्कोहोल आहे, पण पिण्यासाठी विकण्याचा रस्ता अरुंद. मग उरतो उद्योगाचा रस्ता.

अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनतं. त्यापासून ॲसिटिक ॲसिड बनतं. ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोल एकत्र केलं की इथाइल ॲसिटेट तयार होतं. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवात, छपाईच्या शाईत, रंगात, पॅकिंगच्या प्लास्टिकवर छापताना आणि औषधं बनवताना हेच वापरलं जातं. ॲसिटाल्डिहाइडपासूनच क्रोटोनाल्डिहाइड बनतं. ते पुढे खाद्यपदार्थ टिकवणाऱ्या पदार्थांपासून इतर अनेक रसायनांपर्यंत कच्चा माल म्हणून जातं.

जगात बहुतेक ठिकाणी ही रसायनं खनिज तेलापासून बनायची. कोपरगावात ती उसापासून बनायला लागली.

सोमय्यांच्या उद्योगाने साखरेबरोबर रसायनांचा हा धंदा वाढवला. करमशीभाईंचे चिरंजीव शांतीलाल सोमय्या यांनी पुढे त्यात लक्ष घातलं. आणि याच धंद्याने साकरवाडीला पुढच्या संकटात तारलं.

जमीन गेली

खासगी साखर कारखान्यांची त्या काळची पद्धत अशी होती की, उसासाठी कारखाना स्वतः हजारो एकर जमीन कसायचा. ही जमीन बऱ्याचदा शेतकऱ्यांकडून खंडाने, म्हणजे भाड्याने घेतलेली असायची. ज्यांनी जमीन दिली त्यांना खंडकरी म्हणायचे. मालक शेतकरी, कसणारी कंपनी. शेतकऱ्याच्या हाती वर्षाला ठरलेला खंड, उसाचा नफा कारखान्याचा.

हे शेतकऱ्यांना सलत होतं आणि ते साहजिक होतं.

१९६१ साली महाराष्ट्रात कमाल जमीन धारणा कायदा झाला. कुणाकडे किती जमीन असावी याची मर्यादा ठरली आणि त्यात कारखान्यांचे मळेही आले. साकरवाडी, लक्ष्मीवाडी, हरेगाव, टिळकनगर, चांगदेवनगर अशा ठिकाणच्या जमिनी सरकारकडे गेल्या. त्या कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं.

या कायद्याच्या तरतुदींना आव्हान देणारं गोदावरी शुगर मिल्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ साली त्याचा निकाल लागला. जमीन कारखान्याकडे परत आली नाही. आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना जमीन सुधारणांच्या संदर्भात हा खटला अभ्यासावा लागतो.

खंडकऱ्यांच्या हातात तरी लगेच जमीन आली का? तर नाही. ती महामंडळाकडे राहिली. खंडकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आंदोलनं केली, कोर्टकचेऱ्या केल्या. जमिनी परत करायचा निर्णय होऊन प्रत्यक्ष वाटप व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं. तोवर ज्यांनी खंडाने जमीन दिली होती, त्यातले कितीतरी लोक हयात नव्हते.

इकडे दुसरा बदलही झाला होता. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक, ही कल्पना नगर जिल्ह्यात वणव्यासारखी पसरली. कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडीचा आणि संजीवनी असे दोन सहकारी कारखाने उभे राहिले. शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे ही नावं तालुक्याच्या राजकारणाशी कायमची जोडली गेली.

शेतकऱ्याचा ऊस आता शेतकऱ्याच्या कारखान्यात जायला लागला. खासगी कारखान्यांना ना स्वतःची जमीन उरली, ना उसाची खात्री. एकेक करून पट्ट्यातले जुने खासगी कारखाने बंद पडत गेले. हरेगावची आणि चांगदेवनगरची धुरांडी थंडावली. टिळकनगरचं साखरेचं काम संपलं, तिथली कंपनी टिकली ती मद्यनिर्मितीवर.

साकरवाडीलाही साखर पुढे बंद झाली. सोमय्यांनी १९७० च्या दशकात साखरेचा धंदा कर्नाटकात नेला. आजच्या बागलकोट जिल्ह्यात समीरवाडी इथं नवा कारखाना उभा केला. तिथं त्यांनी स्वतः जमीन कसण्याऐवजी आसपासच्या शेतकऱ्यांचा ऊस घेण्याचा मार्ग धरला. नगर जिल्ह्याने दिलेला धडा तिथं कामी आला.

पण साकरवाडी सोडली नाही. तिथला रसायनांचा कारखाना चालू ठेवला. समीरवाडी म्हणजे साखर आणि इथेनॉल, साकरवाडी म्हणजे रसायनं, अशी वाटणी झाली.

सरकारची दारं आणि छोट्यांची शिडी

स्वातंत्र्यानंतर देशाला परकीय चलनाची चणचण भासत होती. यंत्रं, तेल, धान्य बाहेरून आणायचं तर डॉलर आणि पौंड लागतात आणि ते निर्यातीतूनच येतात. १९५८ साली साखर निर्यातीसाठी वेगळा कायदा झाला आणि कारखान्यांना उत्पादनातला काही हिस्सा निर्यातीसाठी देणं भाग पडलं. १९३७ साली साखर बाहेर पाठवायला बंदी होती आणि वीसेक वर्षांत ती पाठवायची सक्ती आली.

त्याच सुमारास निर्यातदारांसाठी काही संस्था उभ्या राहिल्या. १९५७ साली निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणारं महामंडळ आलं, ज्याला आज ईसीजीसी म्हणतात. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर छोटा कारखानदार एका झटक्यात संपतो, ती भीती कमी करण्यासाठी हा विमा. १९६३ साली मुंबईत रसायनांच्या निर्यातीसाठी केमेक्सिल ही परिषद स्थापन झाली. कोणत्या देशात काय खपतं, कोणते कागद लागतात, कोणत्या प्रदर्शनाला जायचं, ही माहिती एकट्या छोट्या कंपनीला परवडत नाही. परिषदेत सगळे मिळून ती मिळवतात.

छोट्यांच्या निर्यातीतल्या अडचणी आजही जवळपास त्याच आहेत. माल पाठवल्यापासून पैसे यायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढं खेळतं भांडवल नसतं. युरोपात रसायन विकायचं तर नोंदणी आणि चाचण्यांचा खर्च मोठा. ऑर्डर मोठी आली तर पुरवता येत नाही, छोटी आली तर वाहतूक परवडत नाही.

मग छोटे-मध्यम धंदे टिकतात कसे?

बहुतेकदा एखादी अशी वस्तू पकडून, जिच्यात मोठ्यांना रस नसतो. जगाला वर्षाला कोट्यवधी टन साखर लागते, तिथं ब्राझीलशी भावात झगडावं लागतं. पण एखादं विशेष रसायन जगाला वर्षाला काही हजार टनच लागतं. त्यासाठी बलाढ्य तेल कंपनी वेगळा कारखाना टाकत बसत नाही. ज्याच्याकडे कच्चा माल, ज्ञान आणि चिकाटी आहे, त्याला तिथं जागा मिळते.

साकरवाडीने हीच जागा पकडली. सोमय्यांच्या जुन्या साखर कंपनीचं नाव आज गोदावरी बायोरिफायनरीज आहे. तिची रसायनं २० पेक्षा जास्त देशांत जातात. त्यात जपान, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका असे देश आहेत. सौंदर्यप्रसाधनांत वापरलं जाणारं, उसापासून बनलेलं ब्युटिलीन ग्लायकॉल हे त्यातलंच एक. जगात आता खनिज तेलाऐवजी वनस्पतींपासून बनलेला माल हवाय, त्यामुळे एकेकाळी नकोशी वाटणारी मळी भाव खाऊन जाते. २०२४ साली ही कंपनी शेअर बाजारातही आली.

आता ही कंपनी सरकारी व्याख्येत छोटी किंवा मध्यम राहिलेली नाही. एप्रिल २०२५ पासून ५०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग मध्यम धरला जातो आणि तिची उलाढाल त्याच्या बरीच पुढे गेलीये. पण तिचा रस्ता तोच आहे जो आज लाखो छोट्या उद्योगांपुढे आहे. आधी व्यापार, मग उत्पादन, मग उरलेल्या मालातून नवीन उत्पादन, मग परदेशी बाजार.

देशाच्या पातळीवर बघितलं तर भारताच्या वस्तू निर्यातीत सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांशी जोडलेल्या मालाचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. २०२०-२१ मध्ये असे सुमारे ५३ हजार उद्योग निर्यात करत होते, २०२४-२५ मध्ये हा आकडा १ लाख ७३ हजारांवर गेला. तिरुपूरचे टी-शर्ट, सुरतेचे हिरे, राजकोटचे सुटे भाग, नाशिकची द्राक्षं, सगळं यात येतं.

दरवाजा अजूनही तसाच आहे

१९३७ चा करार जुना झाला म्हणून विषय संपला असं वाटत असेल, तर अलीकडचं बघा. २०२१-२२ च्या हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली, हा विक्रम होता. पुढच्याच वर्षी निर्यातीवर मर्यादा आली आणि २०२३-२४ च्या हंगामात ती जवळपास थांबवली गेली. २०२४-२५ साठी फक्त १० लाख टनांना परवानगी मिळाली.

सरकारचं म्हणणं असतं की देशातल्या लोकांना साखर स्वस्त मिळाली पाहिजे, आणि त्यात तथ्यही आहे. पण ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला लागवडीच्या वेळी हे ठाऊक नसतं की वर्षभराने दरवाजा उघडा असेल की बंद. परदेशी गिऱ्हाईकही एकदा तुटलं की सहज परत येत नाही.

तिथंच कळतं की एकाच मालावर अवलंबून राहण्यात धोका किती आहे. साखरेवर बंदी येते, पण साखरेपासून दोन-तीन पायऱ्या पुढे गेलेल्या रसायनावर सहसा येत नाही, कारण ते कुणाच्या चहात पडत नाही.

पैसा शाळेत गेला

करमशीभाईंच्या आयुष्याचा दुसरा भाग शिक्षणात गेला. १९५९ साली मुंबईत सोमय्या विद्याविहार सुरू झालं. १९८१ साली मॅनेजमेंटची संस्था, १९८३ साली इंजिनीअरिंग कॉलेज आणि १९९१ साली सायनला मेडिकल कॉलेज आलं. डहाणूच्या आदिवासी भागात नरेशवाडीला शाळा आणि वसतिगृह झालं. साकरवाडीतही शाळा झाली, जिथं कामगारांची आणि आसपासच्या शेतकऱ्यांची पोरं शिकली.

९ मे १९९९ रोजी करमशीभाई गेले. वयाची ९७ वर्षं पूर्ण व्हायला एकच आठवडा बाकी होता.

त्यांच्या नावाने आज लोकांना कॉलेज आठवतं, कोपरगाव आठवत नाही. कोपरगावात मात्र ही गोष्ट अजून संपलेली नाही. समृद्धी महामार्ग आता तालुक्यातून जातो, मुंबईच्या बंदराचं अंतर कमी झालंय. शेजारी येवल्यात पैठणी विणली जाते, लासलगावला देशातला मोठा कांदा बाजार भरतो. माल आहे, रस्ता आहे, शिकलेली पोरं आहेत.

अडतं ते तिथंच, जिथं १९३९ साली अडलं होतं. कांद्याचा ट्रक बंदरावर उभा असतो आणि दिल्लीतून निर्यातबंदीचं नोटिफिकेशन निघतं. ज्याच्याकडे फक्त कांदा आहे तो तिथं बसून राहतो. आणि ज्याने कांद्याची पावडर करायची मशीन घेतलीये, त्याचा कंटेनर पुढे निघायची शक्यता बरीच जास्त असते.